सोलापुरातून परदेशी शिकायला जाताना: स्टुडंट व्हिसाची फाइल कशी बांधायची

सोलापूर जिल्ह्यातल्या मुलामुलींच्या व्हिसा फायली बहुतेक तीन ठिकाणी अडतात: नावात, पैशात आणि तारखांत. भीती मात्र सगळ्यांना इंग्रजीची आणि मुलाखतीची असते. नाव आणि पैसा ही दोन्ही कामं सोलापुरात बसून, थोडक्या खर्चात होण्यासारखी आहेत, आणि नेमकी तीच शेवटच्या महिन्यावर ढकलली जातात. म्हणून आधी ती दोन, मग देशवार प्रक्रिया.

खाली जिथे फी किंवा रक्कम दिली आहे तिथे ती कधीपासून लागू झाली तेही शक्य तिथे दिलं आहे. हे आकडे वरचेवर बदलतात. पैसे भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर आकडा पुन्हा पाहायचा. एजंटच्या व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो पाहून भरायचा नाही.

नाव: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, सगळ्यात महाग चूक

दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर दोनच रकाने: ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’. आपल्याकडे गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव आणि सरनेममध्ये आडनाव लिहितात, ते बरोबर आहे. गोंधळ होतो तो विद्यापीठाचा अर्ज, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, बँकेचं पत्र आणि व्हिसा अर्ज चार वेगवेगळ्या पद्धतींनी भरल्यावर. एक नियम पाळा: पासपोर्ट हाच मूळ कागद. परीक्षेची नोंदणी, प्रवेश अर्ज, कर्जाचं मंजुरीपत्र, विमानाचं तिकीट, सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, त्याच रकान्यात.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत एकाच आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आजोबा, वडील आणि मुलगा यांच्या कागदांवर वेगळं सापडतं. नरसय्या हे नाव तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. ‘लक्ष्मी’त कुठे एक्स, कुठे केएसएच. ‘श्रीनिवास’ला कुठे एच आहे, कुठे नाही. मुलाच्या पासपोर्टवरचं वडिलांचं नाव आणि बँक स्टेटमेंटवरचं वडिलांचं नाव जुळलं नाही, तर ‘हे पैसे खरंच वडिलांचे कशावरून?’ हा प्रश्न उभा राहतो. म्हणून तपासणी मुलाच्या कागदांवर थांबवू नका. वडिलांचं आधार, पॅन, बँक पासबुक, आयकर विवरण आणि आईचे हेच कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. फरक एखाद्या अक्षराचा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. फरक मोठा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि मग एकेक कागद सुधारा. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, पण त्यानंतर पॅन, बँक, पासपोर्ट या साखळीला दोन-तीन महिने सहज जातात.

लग्न झालेल्या मुलींचं प्रकरण वेगळं. काही घरांत लग्नानंतर आडनावच नाही तर पाळण्यातलं नावही बदलतं. पदवी एका नावाची आणि आधार दुसऱ्या नावाचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्र दोन्ही हाताशी हवेत. परदेशी जायचं नक्की असेल आणि पासपोर्ट अजून काढलेला नसेल, तर पदवीवरच्या नावानेच पासपोर्ट काढणं हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग.

पासपोर्टवर सरनेमचा रकाना कोरा असेल तर तो आधी भरून घ्या. तसाच राहिला तर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) ही अक्षरं छापून येतात. मग तिकडे बँक खातं, लायसन्स, पगारपत्रक, सगळीकडे तीच अक्षरं नाव म्हणून मागे लागतात.

जन्मदाखलाही आत्ताच काढून पाहा. जुन्या नोंदींत बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, फक्त ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ आणि आईवडिलांची नावं. शहरात जन्म असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात, गावात असेल तर ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्यावं लागतं. आईवडिलांच्या खात्यातले पैसे दाखवताना नातं सिद्ध करायला यूकेला हाच दाखला लागतो. मराठीतला असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह.

पासपोर्ट आणि विद्यापीठाचे कागद

पासपोर्टसाठी पुण्याला जायची गरज नाही. सोलापुरातच पासपोर्टचं केंद्र आहे. फाइल पुण्याच्या विभागीय कार्यालयाखाली जाते. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळसाठी त्यावर आणखी २,०००. पोलीस पडताळणी शहरात पोलीस आयुक्तालयाकडून, तालुक्यांत ग्रामीण पोलिसांकडून होते. पुण्यात खोली घेऊन राहणारा मुलगा सोलापूरचा पत्ता देतो, पोलीस घरी येतात, मुलगा नसतो, आणि अहवाल उलटा जातो. सलग काही दिवस घरी असाल तेव्हाची अपॉइंटमेंट घ्या. जुना पासपोर्ट कोर्सच्या मध्येच संपत असेल तर निघण्याआधी नवा काढा. व्हिसा मिळाल्यावर पासपोर्ट बदलणं म्हणजे दोन पुस्तकं घेऊन फिरणं.

विद्यापीठाच्या बाबतीत एक गोष्ट बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं आणि २०१९ मध्ये त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. त्या काळात शिकलेल्यांच्या पहिल्या वर्षाच्या मार्कशीटवर एक नाव आणि पदवीवर दुसरं असतं. २००४ च्या आधीच्यांचं तर शिवाजी विद्यापीठ. तपासणाऱ्याला ही दोन वेगळी विद्यापीठं वाटतात आणि मधली बदली कुठे आहे असं तो विचारतो. नामांतराच्या अधिसूचनेची प्रत किंवा विद्यापीठाचं एका ओळीचं पत्र फाइलला लावा.

केगावला, विद्यापीठाच्या आवारात, एका खेपेत मागायचे कागद: सगळ्या सेमिस्टरची ट्रान्सक्रिप्ट, सीलबंद पाकिटात, जितकी विद्यापीठं तितक्या प्रती आणि वर दोन जास्त, पदवी प्रमाणपत्र, किंवा पदवीदान समारंभ व्हायचा असेल तर प्रोव्हिजनल, आणि ग्रेड काढायच्या पद्धतीचं पत्र, कारण सीजीपीएचे टक्के कसे करायचे हे जर्मनीला नेमकं कळावं लागतं. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र कॉलेजच्या प्राचार्यांकडून मिळतं. एटीकेटी लागली असेल तर लपवू नका. ट्रान्सक्रिप्टवर प्रयत्न दिसतातच, आणि अर्जात ‘बॅकलॉग शून्य’ लिहून ट्रान्सक्रिप्टवर तीन दिसले तर प्रश्न मार्कांचा राहत नाही, खोटेपणाचा होतो.

अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात चालावा म्हणून कागदावर घ्यायच्या सरकारी शिक्क्याचा, धंदा जोरात आहे. अमेरिका, यूके, कॅनडाच्या स्टुडंट व्हिसाला पदवीवर अपोस्टिल सहसा लागत नाही. जर्मनीने तर भारताच्या अपोस्टिलला हरकत घेतलेली असल्याने त्या दोन देशांत ते लागूच होत नाही. जर्मनीसाठी एपीएस लागतं, त्याबद्दल पुढे. विद्यापीठाने किंवा वकिलातीने लेखी मागितल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

पैसा: किती आहे यापेक्षा कुठून आला

चादर-टॉवेलचा कारखाना, कांदा, ऊस, डाळिंब, किराणा दुकान. सोलापुरातल्या बऱ्याच घरांचं उत्पन्न खरं असतं, पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्याची सावलीही नसते. अधिकाऱ्याला स्टेटमेंटवर वर्षभर वीस-तीस हजारांची शिल्लक आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम पंचवीस लाख दिसले, की तो थांबतो. पैसे तुमचेच असतील, पण कागद तसं सांगत नाही.

व्हिसा अर्जाच्या किमान सहा महिने आधी व्यवहार बँकेतून सुरू करा. शेतीसाठी सातबारा आणि आठ-अ, साखर कारखान्याच्या ऊसबिलाचे बँकेत जमा झालेले हप्ते, आणि बाजार समितीत माल घातला असेल तर अडत्याच्या पट्ट्या. कांद्याची पट्टी ही साधी चिठ्ठी वाटते, पण तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, तारीख, पिशव्या, वजन, भाव, हमाली-तोलाई कापून निव्वळ रक्कम असं सगळं असतं, आणि तीच रक्कम चार दिवसांत खात्यात दिसली तर तो उत्तम पुरावा. म्हणून अडत्याकडून रोख न घेता खात्यावर घ्या आणि पट्ट्या जपा. कारखानदारांनी जीएसटी विवरणं, उद्यम नोंदणी आणि तीन वर्षांची आयकर विवरणं ठेवावीत. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्रात ते दाखवता येतं, आणि दाखवलेलं बरं.

पतसंस्थेतल्या ठेवीवर विसंबू नका. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसतात आणि यूकेसारखा देश नियमनाखालच्या बँकेचाच पुरावा मागतो. नागरी सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतात, तरी परदेशातून पडताळणीचा ईमेल आला तर शाखा उत्तर देईल का, हे मॅनेजरला विचारून घ्या. शंका असेल तर पैसे मोठ्या बँकेत वेळेत हलवा. भिशीची उचल, काकांकडून हातउसने, सोनं मोडून आलेले पैसे, काहीही असो, त्याचा एक कागद हवा: सराफाचं बिल, सोनेतारण कर्जाचं पत्र, किंवा भेट म्हणून दिल्याचं नोटरी केलेलं पत्र आणि देणाऱ्याचं स्टेटमेंट.

सीएचं नेटवर्थ प्रमाणपत्र घ्याल तेव्हा त्यावर यूडीआयएन हा अठरा अंकी क्रमांक आहे का पाहा. तो नसेल तर ते प्रमाणपत्र पडताळता येत नाही. आणि नेटवर्थ म्हणजे खर्चायला हाताशी असलेला पैसा नव्हे. दोन कोटींची जमीन दाखवून वर्षाची फी कशी भरणार याचं उत्तर मिळत नाही. जमीन पाठीमागे, ठेव आणि कर्ज पुढे, अशी मांडणी असावी.

कर्ज घेणार असाल तर बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. घर, फ्लॅट किंवा एनए प्लॉट लागतो. शहराच्या हद्दवाढ भागात गुंठेवारीतल्या जागेवर बँकेचा वकील हमखास शेरा मारतो, तेव्हा कागद आधीच दाखवून घ्या. हे विधी तपासणीचं प्रकरण महिनाभर खातं. पीएम विद्यालक्ष्मी योजनेचं नाव ऐकून बरेच जण बँकेत जातात, पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्याच्या समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर पाहावी. मात्र तिचा निकाल व्हिसाच्या वेळापत्रकात बसेल असं धरून चालू नका, पर्यायी व्यवस्था ठेवा.

पैसे बाहेर पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो आगाऊ कर) कापला जात नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो अजिबात नाही. ही मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजतात. कापला गेलेला टीसीएस आयकर विवरण भरून परत मिळतो, तो बुडत नाही.

यूके: अंकगणिताचा व्हिसा

इथे अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा कमी आणि आकड्यांना जास्त. विद्यापीठाचं सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा दाखला, आलं की त्यावर लिहिलेली बाकी फी अधिक राहण्याचा खर्च, एवढे पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत. ११ नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याचा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि बाहेर १,१७१ पौंड धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे १३,७६१ किंवा १०,५३९ पौंड. समजा लंडनबाहेरच्या कोर्सची फी १८,००० पौंड आणि तुम्ही ५,००० भरलेत. मग दाखवायचे १३,००० अधिक १०,५३९, म्हणजे २३,५३९ पौंड. भरलेले ५,००० सीएएसवर नोंदलेले हवेत, नसतील तर विद्यापीठाला कळवून दुरुस्त करून घ्या.

२८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक त्या आकड्याखाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एसएमएसचा चार्ज किंवा विम्याचा हप्ता कापला जाऊन रक्कम खाली गेली, एवढ्यावर अर्ज फेटाळले जातात. पौंडाचा भाव अर्जाच्या तारखेचा, ओआंडा या संकेतस्थळाचा धरतात. तो आपल्या हातात नाही, म्हणून आकड्याच्या वर किमान पाच टक्के ठेवा. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जापासून ३१ दिवसांच्या आतली हवी. उदाहरणार्थ २० जूनला पैसे पूर्ण झाले तर १७ जुलैला २८ दिवस भरतात. त्या तारखेचं स्टेटमेंट घेतलं तर अर्ज ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात गेला पाहिजे.

खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं. काका, मामा, आजोबा, मोठा भाऊ चालत नाहीत, कितीही सख्खे असले तरी. एकत्र कुटुंबात पैसा काकांच्या नावावर असेल तर तो वेळेत वडिलांच्या किंवा स्वतःच्या खात्यात आणा. आईवडिलांचं खातं दाखवताना जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र.

सहा महिन्यांपेक्षा मोठ्या कोर्सला टीबी तपासणी लागते, तीही यूके सरकारच्या यादीतल्या क्लिनिकमध्येच. सोलापुरातल्या कुठल्याही चांगल्या रुग्णालयाचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकतं. अर्जाची फी एप्रिल २०२५ पासून ५२४ पौंड होती. त्यावर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, कोर्सच्या पूर्ण काळाचा आगाऊ. घरचं बजेट मांडताना हा अधिभार हमखास विसरला जातो. बोटांचे ठसे पुण्यातल्या केंद्रात देता येतात. जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्स कोर्सवर नवरा-बायको-मुलांना नेता येत नाही. शिक्षणानंतर राहायचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. आज प्रवेश घेणाऱ्याने हिशोब १८ महिन्यांचाच धरावा.

जर्मनी: कागदांचा व्हिसा

पहिली पायरी एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमच्या मार्कशीट खऱ्या आहेत का याची ती तपासणी. फी १८,००० रुपये. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मागितलेल्या प्रती दिल्लीला पाठवायच्या. हिवाळी सत्राच्या बऱ्याच अर्जांची अखेर १५ जुलैला असते आणि अनेक विद्यापीठं अर्जासोबतच एपीएस मागतात. तेव्हा आदल्या डिसेंबर-जानेवारीतच हे काम उरकलेलं बरं. शेवटच्या सेमिस्टरला असाल तरी अर्ज करता येतो, निकालाची वाट पाहू नका.

दुसरी पायरी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याचा खर्च आगाऊ भरून ठेवायचं आणि दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येणारं खातं. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो. तिकडे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. इथून युरो पाठवताना मधल्या बँका वीस-तीस युरो कापतात आणि खात्यात ११,८८० पोचतात. मग पुष्टीपत्र मिळत नाही आणि दुसरी रक्कम पाठवण्यात आठवडा जातो. पाठवतानाच शंभरेक युरो जास्त पाठवा, आणि परदेशातले सगळे चार्ज पाठवणाऱ्याने भरायचे असा पर्याय फॉर्मवर निवडा. शाखेतल्या कारकुनाला तो माहीत नसेल तर परकीय चलन विभागाकडे फोन लावायला सांगा.

तिसरी, अर्ज. राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या, व्हिसाचे अर्ज २०२५ पासून जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतात; महाराष्ट्र मुंबईच्या कॉन्सुलेटखाली येतो. फी ७५ युरो. प्रेरणापत्र, ज्याला सगळे एसओपी म्हणतात, ते इथे खरंच वाचलं जातं. मेकॅनिकलचा मुलगा डेटा सायन्सला चालला असेल तर का, हे दोन परिच्छेदांत पटलं पाहिजे. आरोग्य विम्यात तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला तिकडचा सरकारी विमा मिळतो. प्रवासापासून नोंदणीपर्यंतच्या दिवसांसाठी वेगळा प्रवास विमा काढावा लागतो आणि तो जोडायचा राहून जातो.

पूर्वी नकार आला तर वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनचं कोर्ट. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण असू द्या.

अमेरिका: दोन मिनिटांचा व्हिसा

क्रम असा.

१. विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा अधिकृत फॉर्म घ्या. त्यावरचा वर्षाचा खर्च आणि तुम्ही दाखवलेले पैसे जुळले पाहिजेत.
२. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीची, ३५० डॉलर फी भरा, पावती छापून ठेवा.
३. डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज भरा. मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती लिहावी लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. विसरलेलं जुनं खातंही लिहा.
४. १८५ डॉलर व्हिसा फी भरून दोन अपॉइंटमेंट घ्या, ठशांची आणि मुलाखतीची. २०२५ च्या कायद्याने किमान २५० डॉलरचं आणखी एक शुल्क मंजूर झालं आहे. ते तुमच्या अर्जाला लागतं का हे भरताना पाहा.
५. डीएस-१६० मध्ये चूक सापडून नवा फॉर्म भरलात तर अपॉइंटमेंटच्या खात्यातही नवा क्रमांक टाका. दोन क्रमांक वेगळे निघाले तर दारातून परत पाठवतात.

कोर्स सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपासून व्हिसा मिळू शकतो, पण अमेरिकेत शिरता येतं ते जास्तीत जास्त ३० दिवस आधी.

मुलाखत खिडकीवर उभ्याने, दोन-तीन मिनिटांची. जाडजूड फाइल बहुधा उघडलीच जात नाही. हेच विद्यापीठ का, हाच कोर्स का, पैसे कोण देणार, पुढे काय, या चार प्रश्नांची उत्तरं दोन-दोन वाक्यांत यायला हवीत. क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं उत्तर अधिकारी दिवसभर ऐकत असतो. ‘इट इज अ वेल-रेप्युटेड युनिव्हर्सिटी विथ स्टेट-ऑफ-द-आर्ट फॅसिलिटीज’ म्हणण्यापेक्षा कुठल्या विषयासाठी, कुठल्या प्रयोगशाळेसाठी निवडलं ते सांगा. वडील काय करतात, असं विचारल्यावर नुसतं ‘बिझनेस’ म्हणू नका. ‘टेरी टॉवेलचे बारा लूम आहेत, माल निर्यात होतो’ असं इंग्रजीत नेमकं सांगा. खरं आणि नेमकं उत्तर लहान असतं.

२१४(बी) हे अमेरिकी कायद्याचं कलम लिहिलेला कागद हातात आला तर शिक्षण संपल्यावर तुम्ही परत याल हे पटलं नाही असा त्याचा अर्थ. त्यावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. फक्त काहीतरी बदललेलं हवं. २२१(जी) म्हणजे नकार पक्का नाही, कागद किंवा तपासणी बाकी आहे. त्या चिठ्ठीवर मागितलं तेवढंच पाठवा.

मुंबईची आखणी: ठसे आणि मुलाखत वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि एक रात्र मुक्काम धरा. सोलापूरहून सकाळी सुटणारी वंदे भारत मुंबईत दुपारी पोचते, म्हणजे सकाळच्या वेळेला ती उपयोगाची नाही. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची, पण मुलाखतीच्याच दिवशी पहाटे उतरून थेट रांगेत उभं राहण्याचा धोका नको. गाडी दोन तास उशिरा आली तर स्लॉट गेला. कॉन्सुलेट वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आत मोबाइल नेता येत नाही, तो बाहेर थांबणाऱ्या घरच्या माणसाकडे द्या.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया, थोडक्यात

कॅनडाची झटपट एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. अजूनही तिच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा. १ सप्टेंबर २०२५ पासून एका विद्यार्थ्यासाठी राहण्याचा खर्च म्हणून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा. परमिटची फी १५०, ठशांची ८५. बहुतेक पदवी आणि डिप्लोमा कोर्सना प्रांताचं पीएएल हे मान्यतापत्र लागतं, ते कॉलेजमार्फत येतं. कॉलेजचं नाव सरकारच्या डीएलआय यादीत (परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यता असलेल्या संस्थांच्या यादीत) आहे का, आणि तो कोर्स नंतरच्या वर्क परमिटला पात्र आहे का, हे दोन्ही तपासा. पहिलं असून दुसरं नसणं हा नेहमीचा फसवणुकीचा प्रकार.

ऑस्ट्रेलियाची अर्ज फी १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, नकार आला तरी परत नाही. राहण्याचा खर्च २९,७१० डॉलर धरतात. मार्च २०२४ पासून ‘जेन्युइन स्टुडंट’चे, म्हणजे तुम्ही खरंच शिकायला चालला आहात का हे पाहणारे, प्रश्न अर्जातच येतात. शिक्षणात दोन-तीन वर्षांचा खंड असेल तर त्या काळात काय केलं याचे पगारपत्रक, पीएफ असे पुरावे जोडा.

एजंट ठेवायचा तर

ठेवायला हरकत नाही, पण लगाम हातात ठेवून. अर्जात ईमेल आणि मोबाइल तुमचाच हवा. एजंटचा असेल तर विद्यापीठाचं पत्र, व्हिसाचा नकार, कागदांची मागणी, सगळं त्याच्याकडे जातं आणि तुम्हाला त्याला वाटेल तेव्हा कळतं. फी थेट विद्यापीठाच्या खात्यावर. सबमिट करण्याआधी पूर्ण अर्जाची पीडीएफ मागून स्वतः वाचा, कारण सही तुमची असते.

आणि ‘फंड दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. टक्केवारी घेऊन महिनाभर खात्यात पैसे ठेवायचे हा धंदा उघड चालतो आणि पडताळणीत उघडकीलाही येतो. खोटा कागद सापडला तर यूकेची दहा वर्षांची बंदी, कॅनडाची पाच वर्षांची, अमेरिकेची कायमची. पुढे दुसऱ्या देशाच्या अर्जात ‘आधी कधी नकार आला आहे का’ हा प्रश्न येतोच, आणि तिथे खरंच लिहावं लागतं.

विमानात हातातल्या पिशवीत

पासपोर्ट, आय-२० किंवा प्रवेशपत्र, पैशाच्या पुराव्याची एक प्रत, राहण्याचा पत्ता, लसीकरणाचा कागद, मूळ मार्कशीट आणि औषधांची इंग्रजीतली चिठ्ठी हे चेक-इन बॅगेत टाकू नका. बॅग मागे राहिली तर इमिग्रेशनच्या खिडकीवर दाखवायला काहीच उरत नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मोठ्या बॅगेत चालतील, पण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात खाण्याचे पदार्थ फॉर्मवर जाहीर करा. ऑस्ट्रेलियात न सांगता सापडले तर जागेवर दंड होतो, आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.

पोचल्यावर जर्मनीत घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत पत्त्याची नोंदणी करायची असते. ती नसेल तर बँक खातं आणि राहण्याचा परवाना दोन्ही अडतात. अमेरिकेत आय-२० वरच्या तारखेपासून ३० दिवसांत विद्यापीठाने सेव्हिसमध्ये तुमची हजेरी लावलेली हवी, ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या. कामाच्या तासांची मर्यादा देशागणिक वेगळी: अमेरिकेत कॅम्पसवरच आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. हॉटेलात रोखीने जास्तीचं काम मिळतं म्हणून घेतलं आणि पकडले गेलात तर आजवर जमवलेली सगळी फाइल त्या एका नोंदीपुढे उपयोगाची राहत नाही.